पेटीची धाप

उन्हाळ्याच्या दुपारी आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं असतं. हिरवे पडदे ओढलेले, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि पडद्यापलीकडे नुसतं पांढरंफटक ऊन. नागपुरात इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी कुत्रंसुद्धा जागचं हलत नाही. मी स्वयंपाकघरात चटईवर मिरच्यांचा ढीग पसरून देठ खुडत बसलेली असते आणि समोरच्या खोलीतून पेटीचे सूर येत असतात. डोळे जड होतात, हात मात्र आपले चालू राहतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्या गुंगीत मला कळेनासं होई, की हे पेटी वाजवतायत, की ह्यांनी आधी वाजवलेली पेटी कॉम्प्युटरवर लागली आहे.

मग एक खूण सापडली. सूर सरळ येत असले तर हे स्वतः. पेटीला धाप लागली असली तर कॉम्प्युटर.

खूण सापडली, पण तिचा अर्थ लागला नाही. रेकॉर्डिंगमध्ये आपला स्वतःचा आवाजसुद्धा परका वाटतो, तसंच काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं. मिरच्या पुष्कळ होत्या. आम्ही अजून वर्षाचं तिखट घरी करतो, आणि तेही भिवापूरच्याच मिरचीचं. इतवारीतला दुकानदार दरवर्षी मला दुसरी कुठलीतरी मिरची भिवापुरी म्हणून दाखवतो आणि मी दरवर्षी ती त्याच्या पोत्यात परत टाकते. माझं माहेर भिवापूरचं. मला कोण फसवणार!

हे म्हणजे शालिकराम, माझे मिस्टर. कन्हानला कोळसा खाणीच्या ऑफिसात दिवसा कारकुनी केली आणि एरवी गायन पार्ट्यांमध्ये पेटी. भीमजयंतीचे दिवस आले की कामठी, उमरेड, भंडारा, जिथून बोलावणं येईल तिथं. गायक बदलले, ढोलकीवाले बदलले, पेटी तीच राहिली आणि पेटीमागचा माणूसही तोच. ह्यांचं नाव होतं ते बोटांसाठी नाही, भात्यासाठी. पेटीच्या मागच्या बाजूला जो भाता असतो तो डाव्या हाताने उघडमीट करायचा, आत हवा भरते, तेव्हा कुठे उजव्या हाताखालच्या पट्ट्या बोलतात. कच्च्या माणसाचा भाता ऐकू येतो. सूर फुगतो, मग बसतो, पुन्हा फुगतो. त्यालाच हे धाप म्हणतात. "भाताच ऐकू आला तर पेटी कोण ऐकन बे?" असं शिकायला येणाऱ्या पोरांना सांगत आणि पाठीत एक चापटही देत. ह्यांच्या पेटीला धाप लागलेली कोणी ऐकली नव्हती.

गेल्या थंडीत ह्यांना डाव्या बाजूला लकव्याचा झटका आला. हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. ज्याच्या घरात येतो त्याला विचारावं हलका की जड. महिनाभर हे खाटेवर आणि मी खाटेशी. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, डावा हातही हळूहळू परतला. मूठ वळू लागली, ग्लास धरू लागली. पण ह्यांना तो परत आल्याचं खरं वाटेना.

"हात आहे वं," हे म्हणायचे, "पण तो का करून राहिला ते मले सांगत नाही."

म्हणजे असं, की पेटीवर बसल्यावर डावा हात भाता चालवायचा, पण बरोबर चालवतोय की नाही ह्याची बातमी ह्यांच्यापर्यंत पोचायची नाही. समोर बसून पेटी वाजवायची आणि तिच्याबद्दल दुसऱ्याला विचारायचं, अशी पाळी ह्यांच्यावर आली. आणि विचारायला घरात होते कोण? मी.

मी म्हणाले, "बिलकुल पहिल्यासारखी वाजून राहिली."

हे हसले. "तुझ्या हिशेबानं तर कपच फुटका होता."

ह्या बोलण्याला इतिहास आहे. झटका आला त्या दिवसांत ह्यांचा चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळायचा. माझ्याने ते बघवत नसे. मी पदराने हनुवटी पुसायची आणि म्हणायची, "हा कपच मेला फुटका आहे, टाकूनच देते." तोंड वाकडं होतं तेव्हा म्हणायची, कुठी वाकडं आहे, मले तर दिसत नाही. पाय ओढत चालायचे तेव्हा म्हणायची, चप्पलच मोठी आहे. ह्यांनी तेव्हा सगळं ऐकून घेतलं आणि मनात नोंद करून ठेवली. आता मी खरं बोलायला लागले तर माझ्या शब्दाला घरात चार आणे भाव राहिला नव्हता.

म्हणून ह्यांनी कॉम्प्युटरला विचारायचं ठरवलं. आमची काजल पुण्याला असते. बाबांचा वेळ जावा म्हणून ती आपला जुना कॉम्प्युटर इथे लावून गेली होती, बरोबर दोन स्पीकर आणि एक छोटा माईक. हे माईकसमोर वाजवायचे, मग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून तेच ऐकायचे. आणि दररोज ती पेटी धापा टाकायची. सूर फुगायचा, बसायचा, कधी मध्येच खोल जायचा, मग कोणीतरी विहिरीतून बादली ओढावी तसा हळूहळू वर यायचा. हे ऐकत राहायचे. संपलं की पुन्हा माईकसमोर बसायचे. मध्येच वाजवणं थांबवायचे, थोडा वेळ गप्प राहायचे, पुन्हा सुरू करायचे. पहिल्या दिवसांत असं थांबणं नव्हतं. मग एकदोनदा थांबू लागले, मग ओळीओळीला. मी स्वयंपाकघरातून ते थांबणं ऐकत असे आणि खुडता खुडता मोजत असे. हात थकतो आहे, दिवसेंदिवस जास्त थकतो आहे, असं मला वाटायचं.

"कॉम्प्युटर झूट नाही बोलत," हे एक दिवस म्हणाले. "त्याले माझा लळा नाही."

मग ह्यांनी गोपाळरावांना फोन केला. गोपाळराव बुद्धविहाराचं काम बघतात, तिथे पोरांसाठी गायनाचा वर्ग सुरू करायचं त्यांच्या मनात होतं आणि पेटीच्या शोधात होते. ह्यांनी त्यांना सांगितलं, "रविवारी ये गा, माझी पेटी घेऊन जा. धूळ खाण्यापरीस पोरं वाजवतीन." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "वाळवणाचं जुनं धोतर दे, पेटी बांधून ठेवतो."

पेटी विहारात गेली असती तर तिचं भलंच झालं असतं, गोपाळरावांसारखा सज्जन माणूस नाही. पण हे? हे सकाळी उठायचे ते पेटीसाठी. आंघोळ करायचे ती पेटीवर बसायचं म्हणून. पायाचा व्यायाम करायचे कारण मांडी घालून बसता यायला हवं. पेटी दारातून बाहेर गेली असती तर हे पुन्हा खाटेवर गेले असते, आणि ह्या वेळी उठायला कारण उरलं नसतं. मला त्याची भीती वाटत होती. रात्री नाही, भर दुपारी वाटायची, हातातल्या मिरच्या तशाच राहायच्या.

शनिवारी दुपारी ह्यांनी मला हाक मारली. "प्रेमिला, इकडे ये. उद्या पेटी गेली की मंग म्हणशीन, मले कोणी ऐकवलं नाही. बस. ऐक."

मी मिरच्यांचे हात धुऊन गेले. पडद्यातून हिरवा उजेड येत होता, कूलर घरघरत होता. हे खुर्चीत, पेटी शेजारी चटईवर उघडीच. ह्यांनी सकाळी वाजवलेलं लावलं आणि डोळे मिटले. मीही मिटले. पेटी सुरू झाली. फुगली, बसली, फुगली. झोपाळ्यावर बसून गाणं ऐकावं तसं झालं मला, सूर जवळ यायचा आणि लांब जायचा, आणि कशामुळे कोण जाणे, मला लहानपणी तापात पडल्यावर घरातली बोलणी अशीच ऐकू यायची त्याची आठवण झाली. आजारी पेटी होती ती, खरंच. माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

मी उठायला लागले. मग लक्षात आलं, शिट्टी आताची नाही, रेकॉर्डिंगमधली आहे. सकाळी मी तुरीचं वरण लावलं होतं आणि कुकर उतरवून मग मिरच्यांना बसले होते. शिट्टी झाली आणि शिट्टीबरोबर पेटी धाडकन खाली गेली. जवळजवळ बुडालीच. मग सावकाश वर आली. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा बुडाली. तिसरी शिट्टी, तिसऱ्यांदा.

"थांबवा," मी म्हणाले.

"का झालं?"

"मागं घ्या. शिट्टीपाशी घ्या."

ह्यांनी मागे घेतलं. शिट्टी आणि बुडणं, शिट्टी आणि बुडणं. मला एकदम राग आला, असा की कान तापले.

"कुकरची आन तुमच्या हाताची का दुश्मनी आहे?" मी म्हणाले. "मी सकाळी तिथं ओट्याशी उभी होतो. शिट्टी झाली तेव्हा तुम्ही वाजवून राहिले होते आन पेटी कुठीच गेली नाही. सरळ चालू होती."

"शिट्टीनं दचकलो असीन."

"तीन बार? आन ठरवल्यासारखे? घरात रोज कुकर लागते, इतक्या वर्षांत कधी दचकले नाही ते?"

मी पुन्हा लावायला लावलं. ह्या वेळी ह्यांनी डोळे उघडे ठेवले, मान एका बाजूला कलती केली, पेटी दुरुस्त करणारा पेटीच्या पोटाला कान लावतो तशी. तिसरी शिट्टी संपली. हे हळूच म्हणाले, "भाता कमी पडला तर सूर पोकळ होते. हा पोकळ नाही झाला. भरलेलाच आहे. फक्त दूर गेला."

मी काजलला फोन लावला. ती शनिवारची दुपारी झोपलेली असते, झोपेतच म्हणाली, "का झालं आई, बाबा बरे आहेत ना?"

"बाबा बरे आहेत. तुझा कॉम्प्युटर बरा नाही."

तिला सगळं सांगितलं, धाप, शिट्टी, बुडणं. मग ती म्हणाली, "आई... ते मीच लावलं होतं वं."

झालं होतं असं. बाबा खाटेवर होते तेव्हा कॉम्प्युटरवर बातम्या ऐकायचे. बातम्या हळू आणि मध्येच जाहिराती कानात ओरडणाऱ्या. आवाज कमीजास्त करायला खाटेवरून ह्यांचा हात पोचत नव्हता आणि मी दर वेळी स्वयंपाकघरातून धावत यायची. म्हणून काजलने जाण्याआधी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, की जे हळू आहे ते वर ओढ आणि जे जोरात आहे ते खाली दाब, म्हणजे सगळं एका पातळीत ऐकू येईल. आईला उठायला लागू नये म्हणून. तिने ते केलं आणि विसरून गेली.

"म्हणजे पेटीले पण?" मी विचारलं.

"पेटीले पण. जोरात वाजली की दाबते, मंग हळूहळू सोडते. शिट्टी झाली की शिट्टीले दाबाले जाते आन त्याच्यासंगं पेटी पण दबते. बाबांचा हात नाही तो."

फोन स्पीकरवर होता. खुर्चीतून आवाज आला, "म्हणजे भाता कॉम्प्युटर मारून राहिला होता?"

"हो बाबा."

"एक पेटी आन दोन भाते," हे म्हणाले.

काजलने मला सांगत सांगत आत नेलं. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र, त्यावर माऊसचं उजवं बटण, मग एक खिडकी, तिच्या पोटात दुसरी खिडकी, तिच्यात तिसरी. मला त्या गुंगीत वाटलं आपण आजीच्या ट्रंकेत उतरतोय, डब्यात डबा आणि त्यात आणखी डबी. सगळ्यात शेवटच्या डबीत एक छोटी चौकट होती, समोर लिहिलेलं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’, आणि चौकटीत एक बारीकशी टिक. मी शाळेत शिकवायची, नोकरीभर पोरांच्या वह्यांत अशा किती टिक मारल्या असतील. बरोबर असलं की टिक. ही एक चुकीच्या जागी पडली होती आणि तिच्यापायी माझ्या माणसाने पेटी बांधायला धोतर मागितलं होतं.

मी टिक काढली. ‘ओके’ दाबलं. काजल म्हणाली, "आता ऐका," आणि तिने फोन ठेवला.

ह्यांनी तेच सकाळचं लावलं. पेटी आली. ती आली आणि राहिली. दोरीवर वाळत घातलेलं पातळ वारा पडल्यावर सरळ लोंबतं तसा सूर सरळ. शिट्टी झाली, कर्कश, मेली कानात शिरली, पण पेटी जागची हलली नाही. ह्यांचा डावा हात मांडीवर होता. सुराबरोबर तो उघडत होता, मिटत होता, ह्यांना नकळत.

"हा माझा हात आहे?" ह्यांनी विचारलं.

"नाही, शेजाऱ्याचा आहे."

हे हसले आणि हसता हसता रडले. चष्मा काढला, उजव्या हाताने पुसायला गेले, मग थांबून डाव्या हाताने पुसला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. "या बारी कप खरंच फुटका होता ना?" मी म्हणाले. हे मान हलवत राहिले. मला इतकं सुख झालं की उठून त्या कॉम्प्युटरला एक चापट मारली.

पेटी एका ओळीच्या शेवटाला आली आणि थांबली. तेच ते ह्यांचं मध्ये थांबणं. स्पीकरमधून काही येईना, अगदी बारीक कूलर तेवढा. हे पुढे झुकले. वाट बघत राहिले. पेटी पुन्हा सुरू झाली, तेव्हा ह्यांनी ती बंद केली आणि माझ्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"तू कुठी गेली वं?"

"मी कुठी जाईन? इथीच तर उभी आहो."

"तशी नाही. याच्यात. याच्यात तू होती ना."

मला काही कळेना. मग हे सांगू लागले, थांबत थांबत, जरा लाजतच. पेटी थांबली की कॉम्प्युटरमध्ये कूलरचा आवाज वर यायचा आणि कूलरच्या मागून मी यायची. मिरच्या खुडता खुडता मी जे गुणगुणायची ते.

"मी नाही गुणगुणत," मी म्हणाले.

"गुणगुणते."

"मी शाळेत प्रार्थनेलेसुद्धा नुसती ओठ हलवत होतो. मले गाता येत नाही."

"मंग ती टिक परत लाव," हे म्हणाले.

मी पुन्हा त्या डब्यांत उतरले आणि टिक लावली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. पेटी धापा टाकत ओळीच्या शेवटाला आली, थांबली. मग टाकीत पाणी चढावं तसा कूलर चढू लागला. त्याच्यावर सुपाचा सळसळता आवाज. आणि मग खरंच कोणीतरी गुणगुणत होतं. तोंड मिटून, नाकातून, चार सूर वर आणि तीन खाली, पुन्हा चार वर. तो आवाज माझा नव्हता. तो माझ्या आईचा होता.

भिवापूरला मिरचीच्या दिवसांत माझी आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर मजुरीने देठ खुडायला जायची. मीही बरोबर असायची. बायका रांगेत बसायच्या आणि गाणं गायची सोय नसायची, कारण तोंड उघडलं की मिरचीचा खकाणा आत आणि जीव जाईपर्यंत ठसका. म्हणून सगळ्याजणी तोंड मिटून गुणगुणायच्या. त्याला शब्द नव्हतेच कधी. त्या लाल ढिगांमध्ये ती गुणगुण कुठून येते तेही कळायचं नाही, जमिनीतून येतेय असं वाटायचं. आई जाऊन किती वर्षं झाली. ती चाल मला आठवत नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

"बोल का आहेत तिचे?" ह्यांनी विचारलं.

"बोल नाही. तोंड उघडलं की ठसका."

"इतक्या वर्षांत मी ऐकलं नाही तुले," हे म्हणाले. "तू काम करत होती तेव्हा घरात माझी पेटी वाजत राहे. मले कुठून ऐकू येईन?"

मी म्हणाले, "म्हणून तुम्ही थांबत होते? ओळीओळीले?"

"मंग? तुले का वाटलं?"

मला वाटलं हात थकला. जे जे थांबणं मी खुडता खुडता मोजलं होतं, त्या प्रत्येक थांबण्यात हा माणूस माझी वाट बघत बसला होता. हात गेला असं मानून पेटी द्यायला निघाला होता आणि जाता जाता तेवढं गोळा करत होता. आणि मी तिकडे स्वयंपाकघरात बसून घाबरत होते. हसावं की रडावं!

मग प्रश्न उरला त्या टिकचा. ठेवावी तर मी ऐकू येणार आणि ह्यांचा हात धापा टाकणार. काढावी तर हात सरळ आणि मी नाही. हे म्हणाले, "राहू दे तशीच." मी म्हणाले, "अजिबात नाही," आणि काढून टाकली. मला ह्यांचा हात हवा होता. हे नाराज झाले. धोतर मात्र मी कपाटात परत ठेवलं तेव्हा ह्यांनी पाहिलं आणि हटकलं नाही.

रविवारी जेवणं झाली आणि मी मिरच्यांकडे गेले तर चटईवर मिरच्या नव्हत्या. सूप नव्हतं, टोपली नव्हती. समोरच्या खोलीत आले. ह्यांनी सगळं तिथे आणून मांडलं होतं, पेटीच्या शेजारी. टोपली पेटीपासून हातभर अंतरावर. ह्यांच्या डाव्या तळव्याला लाल भुकटी लागलेली दिसली, तेव्हा कळलं कुठल्या हाताने ओढत आणली ते.

"इथी बस," हे म्हणाले. "कॉम्प्युटर बंद आहे."

मी बसले खरी, पण गुणगुणणं ही काय सांगून करायची गोष्ट आहे? मी ओठ मिटून बसले तर नाकातून नुसता श्वास. एकदा आवाज काढून बघितला तर म्हशीसारखा निघाला. हे पेटीवर बोटं ठेवून बसले. तेवढ्यात गोपाळराव आले. बाहेर ई-रिक्षा उभी करून, पेटीखाली घालायला गादीसुद्धा घेऊन आले होते.

"जयभीम शालिकभाऊ. वहिनी, जयभीम. आणू का रिक्षा दाराले लावून?"

"जयभीम. बस गा आधी," हे म्हणाले. "एक बार ऐकून घे, मंग तूच सांग न्यायची का नाही."

मी पन्हं आणून दिलं. गोपाळराव खुर्चीत बसले, एक घोट घेतला, आणि मिरचीने त्यांना अशी शिंक आली की पन्हं शर्टावर. मग दुसरी, मग तिसरी. मी हसू दाबत खाली मान घालून देठ खुडू लागले. खुडलेली मिरची सुपात, देठ बाजूला.

पेटी सुरू झाली. मी कान टवकारले. ह्यांची पेटी मी मोठ्या मांडवात ऐकली आहे, ढोलकीवर चढलेली, कर्ण्यावरून दूर गल्लीपर्यंत जाणारी. तशी ही नव्हती. ही इतकी हळू होती की आधी मला वाटलं कूलरच सुरात घरघरतोय. जोरात भाता कोणीही मारू शकतं, ताकद लागते एवढंच. पण एवढी थोडी हवा द्यायची, की सूर नुसता जिवंत राहावा, आणि ती थोडी हवा एकसारखी देत राहायची, हे ज्याला जमतं त्याचा हात बरा आहे. मी तिरक्या नजरेने डावा हात बघितला. भाता जेमतेम हलत होता. झोपलेल्या माणसाची छाती हलते तेवढाच. धाप कुठेही नव्हती. चार सूर वर, तीन खाली, पुन्हा चार वर.

गोपाळरावांनी डोळे मिटले होते. पडदा कूलरच्या वाऱ्याने आत फुगत होता आणि हिरवा उजेड मिरच्यांवरून सरकत होता, तेव्हा मिरच्या काळ्या दिसायच्या, मग पुन्हा लाल. हात चालू होते. देठ मोडल्याचा बारीक टक्‌ आवाज, मग पुन्हा टक्‌. खळ्यावर आई माझ्या पुढच्या रांगेत बसायची, तिची पाठ मला दिसायची, पदर नाकावर बांधलेला. तिच्या पाठीमागे बसलं की ऊन लागत नसे. माझे डोळे जड झाले. मध्ये केव्हातरी गोपाळराव खुर्चीतून उठले, पाय न वाजवता दारापर्यंत गेले, आणि दार किलकिलं करून रिक्षावाल्याला हळूच म्हणाले, "जा गा तू. आज काही न्यायचं नाही." परत येऊन बसले. शिंक आली ती त्यांनी नाक दाबून गिळली.

मग पेटी ओळीच्या शेवटाला आली आणि ह्यांनी भाता थांबवला. मी चमकून वर बघितलं, आता काय झालं म्हणून. हे माझ्याकडेच बघत होते. पेटी गप्प होती, कॉम्प्युटर बंद होता, आणि घरात चाल अजून चालूच होती.